शब्द आणि श्रद्धा : टिळकांचे अभंग व रमाबाईंचे बायबल

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या नावाचे एक प्रकरण बहुधा असते. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ही सारी मंडळी त्यात एकाच पंक्तीस बसविलेली असतात. जणू बाप्तिस्मा झाला की सर्वांची श्रद्धा एक आणि भाषाही एक! आम्हीही पुष्कळ वर्षे असेच शिकवीत आलो. येथे सुरतेत आमच्या वर्गांत यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले फार. ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकवून झाल्यावर त्यांपैकी एकाने विचारले, “सर, टिळक ख्रिस्ती होते ना? मग ते देवाला कोणत्या नावाने हाक मारीत?” प्रश्न भाबडा होता, परंतु आम्हांस त्याचे उत्तर धड देता आले नाही. कवीला ‘फुलांमुलांचा कवी’ ठरवून त्याची श्रद्धा वर्गाबाहेर ठेवण्याची जी आपली सोयीची रीत आहे, तिचीच ही शिक्षा होती.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे भेद आहेत हे आपण ऐकून असतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून श्रद्धेतील खरी भेग या सर्व भेदांना आडवी छेदून गेली. बायबल ईश्वरप्रेरित व निर्दोष आहे. ख्रिस्ताचा जन्म कुमारीच्या पोटी झाला. त्याने मानवाच्या पापाची शिक्षा त्याच्या जागी भोगली. तो सदेह उठला आणि त्याचे चमत्कार खरोखर घडले, असे एक पक्ष मानतो. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांच्या महासभेने 1910 साली हीच पाच कलमे अत्यावश्यक म्हणून घोषित केली. दुसऱ्या पक्षाच्या मते बायबल ही ईश्वराच्या शोधात निघालेल्या माणसांची साक्ष आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर तपासून घ्यावी, ख्रिस्ताचे जीवन व उपदेश यांना अग्रस्थान द्यावे, आणि इतर धर्मांतही प्रकाश आहे हे मान्य करावे. पहिल्यास सनातनी व दुसऱ्यास उदारमतवादी म्हणू. (‘सनातनी’ हा शब्द आपल्या घरच्या भांडणातून उसना घेतला आहे याची आम्हांस जाणीव आहे.) हिंदुस्थानाच्या दृष्टीने या वादाचे मर्म एका प्रश्नात आहे : ख्रिस्त येथे आला तो परक्या घरी आला, की त्याची वाट पाहणाऱ्या घरी? 1938 साली मद्रासजवळील तांबरम येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताच्या ग्रंथावरून याच प्रश्नाचा खल झाला. मराठीत मात्र तो त्यापूर्वीच, आणि परिषदेवाचून, होऊन गेला होता. आमच्या मते तो धर्मशास्त्राच्या ग्रंथांत शोधू नये, शब्दांच्या निवडीत शोधावा.

रमाबाईंचा प्रवास प्रथम पाहू. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या काळातील सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना या बाईंच्या बुद्धीचा धाक वाटतो. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरत नाही. भटांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर पाद्र्यांचे तसलेच जू पुन्हा घेण्यास त्या तयार नाहीत. क्रूसावर शब्द कोरायचेच तर ते लॅटिनऐवजी संस्कृतात असावेत, कारण ती आपल्या मायभूमीची प्राचीन व सुंदर भाषा आहे, असा त्यांचा आग्रह. ही शुद्ध उदारमतवादी वृत्ती होय.

परंतु 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्याच रमाबाई सांगतात की, आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नंतर लाभला. 1905 साली केडगावच्या मुक्तिसदनात पवित्र आत्म्याच्या संचाराची जी लाट उसळली, तिची नोंद आज जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार घेतात. आता बायबल हा त्यांच्या दृष्टीने तपासण्याचा ग्रंथ उरला नव्हता, आज्ञा मानण्याचा झाला होता. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल त्यांनी मराठीत आणले. ते 1924 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. या भाषांतराचे धोरण असे की, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास ज्यांना येतो असे संस्कृत शब्द शक्य तितके टाळावेत आणि साध्या बायकांना कळेल असे मराठी लिहावे.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, जिने क्रूसावर संस्कृत मागितले, तीच स्त्री संस्कृत वेचून वेचून बाहेर काढीत आहे! यात द्वेष नाही. शब्द निर्मळ नसतो, तो आपला भूतकाळ बरोबर घेऊन येतो, हे तिला पंडितांहून अधिक ठाऊक होते. ‘अवतार’ म्हटले की दहा अवतार आलेच, ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पंचगव्य आलेच. ख्रिस्ताचे मरण एकदाच व सर्वांसाठी झाले असे जो मानतो त्यास असले शब्द चालणार कसे? तरीही भाषेने तिच्यावर थोडासा सूड घेतलाच. सदनाच्या ‘मुक्ति’ या नावातच अवघे दर्शनशास्त्र दडलेले आहे.

भाषांतरकाराची ही अडचण आमच्या सुरतेस नवी नाही. लंडन मिशनचे स्किनर व फायवी हे 1815च्या सुमारास येथे आले आणि गुजराती बायबल याच शहरात तयार होऊन छापले गेले. देवास कोणत्या शब्दाने हाक मारावी हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तापीच्या काठी दोनशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता.

आता टिळक. आगगाडीच्या प्रवासात हाती आलेला नवा करार, त्यातील डोंगरावरच्या उपदेशाने घेतलेली मनाची पकड, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, त्यांच्याच इच्छेनुसार रे. तुकारामजी नथोजी या हिंदी पाळकाच्या हातून झालेला बाप्तिस्मा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सिद्धांत मागून आला, उपदेश आधी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भावना सर्वश्रुत आहे. म्हणून त्यांस ‘माउली’ हा शब्द ख्रिस्तास लावताना संकोच वाटला नाही. रमाबाईंना ज्या भूतकाळाचे भय, तोच टिळकांचा ठेवा. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस जागा होती. सनातनी ख्रिस्ती मनास याहून मोठा धक्का कोणता?

काव्य म्हणून कौल देणे सोपे आहे. टिळकांचे अभंग आजही गाइले जातात, ‘उपासना संगीत’ त्यांच्यावाचून ओके वाटेल, आणि बाप्तिस्म्याबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या मंडळ्याही ती पदे निःशंकपणे गातात. रमाबाईंचे बायबल मात्र मंडळ्यांत रुळले नाही. मुळाशी इमान राखताना त्यातील वाक्ये अनेकदा अवघडतात. तथापि एवढ्यावर निकाल देणारा टीकाकार उतावळा म्हणावा लागेल. ‘माउली’ म्हणताच ज्याच्या अंतःकरणात ओल येते, तो वारीच्या संस्कारात वाढलेला मराठी माणूस. केडगावी दुष्काळातून आलेल्या पोरक्या मुलींपैकी कितीजणींस त्या भूतकाळात मानाचे पान मिळाले होते? त्यांच्यासाठी कोरा शब्द हा उपकारच होता. ते बायबल केडगावच्या छापखान्यात छापले तेही तेथील स्त्रियांनीच. जी श्रद्धा अधिक कर्मठ, तिने भाषा अधिक खाली, चुलीपर्यंत नेली. जी श्रद्धा अधिक उदार, ती परंपरेच्या सुसंस्कृत अंगणात रमली. हे कोडे आम्हांस अजून पुरते सुटलेले नाही. उदारमतवाद म्हणजे लोकाभिमुखता हे आपले समीकरण येथे लंगडे पडते, इतके खरे.

लक्ष्मीबाईंचे नाव अखेरीस घेतो, कारण त्या कोणत्याच पक्षात बसत नाहीत. जाती देवाने केलेल्या नाहीत हे एकदा मनाला पटताच त्यांनी शिवाशीव टाकली, आणि ती बाप्तिस्म्याच्या आधीच. ‘स्मृतिचित्रे’त सिद्धांताचा काथ्याकूट शोधून सापडणार नाही, सापडेल ती घागर, चूल आणि नवऱ्याशी घातलेला वाद. त्यांच्या भाषेस ना संस्कृताचे भय, ना संस्कृताचा अभिमान.

आमच्या शाळेच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’च्या तीन प्रती आहेत, टिळकांच्या कवितांची एक आहे. रमाबाईंच्या बायबलाची एकही नाही. यंदाच्या ग्रंथखरेदीच्या यादीत आम्ही ते नाव वर घातले आहे. प्रत मिळाल्यास डोंगरावरच्या उपदेशाचे एक पान आणि टिळकांचा एक अभंग असे दोन्ही त्या विद्यार्थ्यापुढे ठेवू, आणि देवाला कोणी कोणत्या नावाने हाक मारली ते त्यालाच शोधावयास सांगू.