कान जुने, बोटे नवी

प्रौढ वयात क्लॅरिनेट हाती घेणारा माणूस ती का सोडतो? दम पुरत नाही, ओठ दुखतात, ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण माझ्या मते खरे कारण पुस्तकात असते. त्याला जे वाजवायला दिलेले असते, ते त्याच्याच कानांना ऐकवत नाही. मी बावन्नाव्या वर्षी सुरुवात केली आणि आठव्या महिन्यात वाद्य विकायला काढले होते. पुढे नवशिक्यांची जी जी पुस्तके मिळाली ती वाचून नव्हे, वाजवून पाहिली. इथली मते त्यातून आलेली आहेत.

या पुस्तकांची दोन घराणी आहेत. पहिले पॅरिसच्या संगीतशाळेत शिकवणाऱ्या क्लोझेचे. त्याचा १८४३ चा ग्रंथ व्यावसायिक वादक घडवण्यासाठी आहे. त्याच्या शिस्तीबद्दल आदर बाळगावा आणि तो तूर्त कपाटात ठेवावा. दुसरे घराणे अमेरिकी शाळांतल्या बँडचे. हॉवीचे ‘रुबँक’ मालेतले प्राथमिक पुस्तक त्यातलेच. लांबवलेले सूर, मग दोन-तीन सुरांचे तुकडे, मग मुलांच्या परिचयाची गाणी. हे शिक्षण चुकीचे नाही. वर्गात तीस मुले एकत्र एकच सूर धरतात तेव्हा त्या सुराला भरणा येतो, शेजारी ट्रंपेट असतो, ढोल असतो. तोच सूर पन्नाशीचा माणूस रात्री नऊ वाजता बंद खोलीत एकटाच धरतो तेव्हा तो नुसता भोंगा होतो. शाळेच्या पुस्तकातला आनंद पानावर नसतो, तो वर्गात असतो. पान तेवढे आपल्याकडे येते.

शिवाय मुलाचे कान आणि बोटे एकदमच वाढतात. प्रौढाचे कान चाळीस वर्षे गाणे ऐकून तयार झालेले असतात आणि बोटे मात्र कालची. म्हणून त्याच्यासाठी सोपी चाल म्हणजे बालिश चाल नव्हे; थोडे सूर, पण मोठ्या माणसाची चाल.

आता वाद्याचा स्वभाव पाहू, कारण निवडीचा निकष तिथेच आहे. बासरीत फुंकर बदलली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबली की ज्या बोटांवर सा होता, तिथे पुढच्या सप्तकातला प बोलतो. त्यामुळे खालचा आणि वरचा पट्टा यांची बोटे निराळी, आणि दोहोंच्या मध्ये एक सांधा आहे. तिथे जवळजवळ सगळी भोके उघडी असतात आणि पुढच्याच सुराला सगळी झाकावी लागतात. नवशिक्याची क्लॅरिनेट इथेच किंचाळते. खालचा पट्टा मात्र दीड सप्तकाचा, गडद, आणि पहिल्या दिवसापासून गोड. आपण क्लॅरिनेट ऐकलेली असते ती वरातीत, उघड्यावर, वरच्या पट्ट्यात. म्हणून आपल्याकडचा शिकाऊ उगाच वर धावतो. पहिले वर्षभर सांधा ओलांडायला लावणारी चाल घेऊ नये, हा माझा नियम.

या नियमात काय बसते? द्वोर्झाकच्या १८९३ च्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला लार्गो. मूळ चाल इंग्लिश हॉर्नची. तिच्या सुरुवातीच्या दोन ओळी केवळ सा, रे, ग, प या चार सुरांत आहेत. काळी पाचचा सा धरला तर त्या एकट्या डाव्या हातावर वाजतात. लय इतकी संथ की बोटांना घाई नाही, आणि मराठी कानाला भूपाच्या अंगणात आल्यासारखे वाटते. चारच सूर, पण ही चाल वाजवताना कुणाला आपण लहान मुलांचे काही वाजवतो आहोत असे वाटणार नाही.

त्यानंतर बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतले आनंदगीत. ते जवळजवळ सगळे सा ते प एवढ्यात फिरते. तिसऱ्या ओळीत एकदाच मंद्र पंचम लागतो, आणि त्याला उजव्या हाताची तीन बोटे प्रथमच खाली येतात. नवा हात एका सुरापुरता, तोही मुक्कामाच्या जागी. अभ्यासक्रम म्हणून मुद्दाम रचले असते तरी याहून नेमके जमले नसते.

मग आपला भूप. सहाही बोटे आणि अंगठा झाकून निघणाऱ्या सुराला सा मानले (हार्मोनियमवर तो पांढरी चार), तर मंद्र धैवत हा वाद्याचा अगदी शेवटचा सूर, सगळी बोटे उचलली की तार षड्ज, आणि तार ऋषभापर्यंत सांधा लागत नाही. तार गंधार मात्र पलीकडे. मंद्र पंचम तर वाद्यात नाहीच. तेव्हा या हद्दीत राहणारे भूपाचे सरगमगीत शोधावे. सरगमगीत हा प्रकार आपण विद्यार्थ्यांचा म्हणून हिणवतो, पण अभ्यास आणि चाल एकाच वस्तूत देणारे दुसरे काही मला पाश्चात्त्य पुस्तकांत सहसा सापडले नाही.

सोप्या केलेल्या प्रसिद्ध रचनांबद्दल मी साशंक आहे. मोझार्टच्या १७९१ च्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा अडाजिओ सगळ्यांना हवा असतो. मूळ चाल पहिल्याच सुरापासून सांध्यापलीकडे आहे. सोप्या आवृत्तीत ती खाली उतरवतात, दागिने काढून घेतात. ज्याने मूळ ऐकलेलेच नाही त्याला ती चालेल. पण ती विकत घेणारा ती घेतो ते मूळ ऐकले म्हणूनच. प्रत्येक ओळीला त्याचे कान त्याच्या बोटांना नापास करतात. मी वाद्य विकायला काढले ते याच पानावर.

मींडेवर जगणारे राग हीही तशीच भूल. दरबारीचा आंदोलित गंधार ओठांच्या सैलपणावर थोडाफार मिळतो म्हणतात. सहा वर्षे झाली, मी अजून त्याच्या वाटेला गेलेलो नाही.