मिंधेपण आणि संशोधन : एका शोधलेखाचे परीक्षण

‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या अमेरिकन दैनिकात ७ डिसेंबर २००३ रोजी डेव्हिड विल्मन यांचा एक दीर्घ शोधलेख प्रसिद्ध झाला. औषधकंपन्या व सरकारी वैद्यकीय संशोधन यांचे छुपे विलीनीकरण, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या अमेरिकी सरकारच्या संशोधनसंस्थेतील काही वरिष्ठ शास्त्रज्ञ सरकारी वेतन घेत असतानाच औषधकंपन्यांकडून सल्ल्याचे मानधन स्वीकारीत होते, हे विल्मन यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखविले. त्या लेखाच्या युक्तिवादाचे बळ कशात आहे आणि तो कोठे ढळतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

लेखाचा मोठा गुण हा की, तो व्यक्तींच्या लोभापाशी न थांबता नियमांपर्यंत जातो. बाहेरील कामाचे मानधन व तास यांवरील मर्यादा १९९५ मध्ये तत्कालीन संचालक हॅरॉल्ड व्हार्मस यांनी उठविल्या. गुणी शास्त्रज्ञ संस्थेकडे आकृष्ट व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे पुढे अनेकांनी घेतलेला पैसा रीतसर परवानगीनेच घेतलेला होता. मात्र बहुसंख्य उच्चवेतन शास्त्रज्ञांना ही प्राप्ती जनतेपुढे जाहीर करण्याचे बंधन नव्हते. दोष होता तो या व्यवस्थेत.

लेखाचा आरंभ मात्र त्याच्या युक्तिवादास बाधक ठरतो. एका औषधप्रयोगात १९९९ साली मृत्यू पावलेल्या रुग्णेच्या हकीकतीने तो सुरू होतो. आणि त्या औषधाच्या कंपनीकडून संबंधित शाखेच्या संचालकास मानधन मिळत होते, असे पुढे कळते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचक त्यांत कार्यकारणभाव जोडतो. लेखाने तो सिद्ध केलेला नाही. मग विरोधकास सहजच विचारता येते : पैशामुळे कोणता निष्कर्ष बदलला, ते दाखवा.

वस्तुतः हे दाखविण्याची गरजच नाही. लाच ही कृती आहे; हितसंबंधांचा संघर्ष ही स्थिती आहे. मराठीत या स्थितीला नेमका शब्द आहे : मिंधेपण. मिंध्या माणसाने काही गैर केलेच असेल असे नाही. पण त्याच्या निर्णयावर निःशंकपणे विसंबता येत नाही. न्यायाधीश स्वतःच्या भावाचा खटला चालवीत नाही, तो अन्यायच करील म्हणून नव्हे, तर त्याचा न्याय न्याय्य असला तरी तो तसा आहे हे कोणास कळणार नाही म्हणून.

पुढील घटनांनी हा भेद स्पष्ट केला. अल्झायमर रोगाचे संशोधक ट्रे संडरलँड यांनी फायझर कंपनीकडून सुमारे २,८५,००० डॉलर परवानगीविना घेतले व डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. कायद्याच्या कक्षेत आली ती ही विनापरवाना कृती. ज्यांनी परवानगीने पैसा घेतला त्यांचे मिंधेपण कायद्याच्या बाहेरच राहिले. त्यावर उपाय नियमांनीच करावा लागला. संचालक इलायस झेरहूनी यांना आरंभी मर्यादा पुरेशा वाटत होत्या. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांनी औषधकंपन्यांचे सल्लागारपद सर्वस्वी निषिद्ध केले. काहींच्या दोषासाठी सर्वांना शिक्षा, अशी तक्रार अनेक शास्त्रज्ञांनी केली. तिच्यामागील दुःख खरे. पण नियम म्हणजे शिक्षा नव्हे. न्यायाधीशावरील बंधनाला आपण त्याचा अपमान मानीत नाही.

सरकारी प्रयोगशाळा व उद्योग यांचे सहकार्य यामुळे त्याज्य ठरत नाही. औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचण्यास ते आवश्यकच आहे. परंतु संस्थेने उघडपणे केलेला करार निराळा आणि संशोधकाच्या खिशात जाणारे मानधन निराळे. संशोधनपर निबंध वाचताना निष्कर्षाइतक्याच काळजीने त्याच्या शेवटी दिलेले हितसंबंधांचे निवेदन वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. प्रयोगात स्वतःचे शरीर देणाऱ्या रुग्णाला ते निवेदन वाचावयास मिळतेच असे नाही.