नमुना सदनिका : पुण्यातले तीन फुटबॉल क्लब

2009 ते 2019 या दहा वर्षांत पुण्यातले तीन फुटबॉल क्लब देशातल्या वरच्या स्पर्धांमध्ये खेळले आणि तिन्ही मिटले. पुणे एफसी अशोक पिरामल समूहाचा, डीएसके शिवाजियन्स डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाचा आणि एफसी पुणे सिटी राजेश वाधवान समूहाचा. तिन्ही मालकांचा धंदा घरं बांधण्याशी किंवा घरासाठी कर्ज देण्याशी जोडलेला. हा योगायोग असेलही. पण या क्लबांचे निर्णय तपासताना मला बिल्डरची स्कीमच आठवत राहिली : आधी रंगीत माहितीपत्रक, मग नमुना सदनिका, पायाचं नंतर पाहू.

वाशीमला बसून हे लिहायचं कारण काय? आमच्या रिसोड, मालेगाव, कारंज्याची मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्यालाच जातात. बालेवाडीच्या मैदानावर नारंगी शर्ट घालून ‘आपला संघ’ म्हणून घसा बसवणाऱ्यांपैकी काहींना मी ओळखतो. तो संघ कोणत्या अर्थाने त्यांचा होता, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुणे एफसीला वरची उपमा पुरती लागू होत नाही, हे आधी नोंदवतो. 2007मध्ये सुरू झालेला हा क्लब खालच्या विभागातून खेळून वर आला, 2009-10च्या आय-लीगमध्ये तिसरा आणि 2012-13मध्ये दुसरा आला. त्याने अकादमी नीट चालवली. पण 2014मध्ये इंडियन सुपर लीग आली, प्रसिद्धीचा झोत तिकडे वळला आणि वर्षभरात मालकांनी वरिष्ठ संघ गुंडाळला.

डीएसके शिवाजियन्सची कथा अधिक बोलकी आहे. 2015-16च्या आय-लीगमध्ये त्यांना थेट प्रवेश मिळाला, सोबत पदावनतीपासून अभयही. त्या हंगामात ते तळाला राहिले. खाली मात्र ढकललं गेलं त्यांच्या वर असलेल्या मिझोरामच्या ऐझॉलला! पुढे गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतलं, म्हणून ऐझॉलला परत बोलावण्यात आलं, आणि 2016-17चं विजेतेपद त्याच ऐझॉलने जिंकलं. खेळाच्या नियमापेक्षा ऐपतीला वर बसवलं, की काय होतं याचा याहून स्वच्छ पुरावा मला सापडलेला नाही. यात क्लबाइतकाच दोष महासंघाचा. दोन हंगामांनंतर डीएसके आय-लीगमधून दिसेनासा झाला. फेब्रुवारी 2018मध्ये कुलकर्णी यांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली.

तिसरा क्लब सर्वांत मोठा. एफसी पुणे सिटीकडे सहमालक म्हणून हृतिक रोशन, भागीदार म्हणून इटलीचा फिओरेन्टिना. पाच हंगामांत सहा पूर्णवेळ प्रशिक्षक झाले : कोलोम्बा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन. यातल्या पोर्तुगाल यांना तर तीन सामन्यांनंतरच घरी पाठवलं. ट्रेझेगे, मुटू अशी उतरत्या वयातली नावं आणली. आइसलंडचा गुडयॉनसन आला आणि जायबंदी होऊन लीगचा एकही सामना न खेळता गेला. पोस्टरवर तो छान दिसला असता. संघ जमला तो 2017-18मध्ये, पोपोविच यांच्या हाताखाली. तेव्हा पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला ते नव्हते.

2019च्या ऑगस्टमध्ये क्लब बंद झाला. मालक समूह कर्जात रुतला होता. त्याच्याशी जोडलेल्या डीएचएफएलचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबरमध्ये बरखास्त केलं. लीगमधली जागा हैदराबादला गेली. सातबारा फिरवावा तसा संघ फिरला, फक्त तलाठ्याकडे हरकत नोंदवायची सोय नव्हती.

आमच्याकडे साध्या गणेश मंडळालाही अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात. वर्गणीचं पावती पुस्तक असतं आणि अनंत चतुर्दशीनंतर जमाखर्च विचारणारा एक तरी खवचट माणूस असतो. पुण्याच्या या क्लबांत त्या माणसाला जागाच नव्हती. कोलकात्यात निदान ती थोडी उरली आहे. 2020मध्ये मोहन बागानचा 80 टक्के हिस्सा कंपनीकडे गेला, पण 1889पासूनच्या नावापुढे चिकटवलेलं ‘एटीके’ हे बिरुद समर्थकांनी तीन वर्षं भांडून 2023मध्ये काढायला लावलं. मालकी परत आली नाही, नाव आलं.

पुण्यात जे टिकाऊ होतं ते पोस्टरवर नव्हतंच. मल्लपुरमचा आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या अकादमीत वाढला. ती अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, त्यांच्याकडूनच तो वरिष्ठ संघात खेळला आणि जानेवारी 2019मध्ये भारताकडून आशिया चषकात उतरला. त्याच वर्षी तो बेंगळुरूला गेला. 2022च्या मार्चमध्ये हैदराबादने लीग जिंकली. 2023-24मध्ये तिथेही खेळाडूंचे पगार थकले.