टोपी, हातमोजे आणि हरवलेला प्रसंग
'फॉसी' या चित्रित नृत्यांजलीसंबंधी

दिवंगत कवीच्या निवडक कवितांचा संग्रह काढावा त्याप्रमाणे दिवंगत नृत्यरचनाकाराच्या निवडक नृत्यांचा संग्रह काढता येईल काय, हा प्रश्न 'फॉसी' या प्रयोगाने उपस्थित केला आहे. बॉब फॉसीच्या (१९२७–१९८७) मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, जानेवारी १९९९ मध्ये, ब्रॉडवेवर आलेल्या या प्रयोगाची संकल्पना रिचर्ड मॉल्टबी, चेट वॉकर आणि ॲन राइंकिंग यांची होती. फॉसीची पत्नी आणि त्याच्या अनेक रचनांची प्रमुख नर्तकी ग्वेन व्हर्डन ही कलासल्लागार होती. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार प्रयोगाला मिळाला. ऑगस्ट २००१ मध्ये तो थांबला, आणि मॅथ्यू डायमंडने दिग्दर्शित केलेले त्याचे चित्रण २००२ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवरून दाखवले गेले. प्रस्तुत विवेचन या चित्रणापुरते आहे.

प्रयोगात सलग कथा नाही आणि फॉसीचे चरित्रही नाही. नाटके, चित्रपट व दूरदर्शन कार्यक्रम यांतून वेचलेली नृत्ये एकापाठोपाठ येतात. चरित्रकथनाचा मोह टाळला हे योग्यच झाले. पण वेचण्याच्या क्रियेत काय गळून पडते याचा विचार मात्र झालेला दिसत नाही. कविता संग्रहातून संग्रहात गेली तरी तिची संहिता अबाधित राहते. नाटकातील नृत्य हे कुणीतरी, कुणालातरी, विशिष्ट क्षणी उद्देशून केलेले विधान असते. 'सौभद्रा'तील पद मैफलीत रंगते, कारण तेथे राग त्याला सांभाळून घेतो. नृत्याच्या पाठीशी असा राग नसतो.

'बिग स्पेंडर' पाहावे. 'स्वीट चॅरिटी' (१९६६) या नाटकात भाड्याने नाचणाऱ्या स्त्रिया कठड्याला रेलून गिऱ्हाइकाला साद घालतात. त्यांची हालचाल तुटक आहे, शरीरे वाकडी, नजर विझलेली. आमंत्रणाचे शब्द आणि थकलेली देहबोली यांतील विसंगती हाच त्या नृत्याचा आशय आहे. ज्या नायिकेला या जागेतून सुटायचे आहे तिची गोष्ट बाजूला काढली की कठडा, पाय आणि प्रकाश एवढेच उरते. मग थकवाही मोहक दिसू लागतो.

'पिपिन'मधील (१९७२) 'मॅन्सन ट्रायो'चे उदाहरण याहून बोलके आहे. मूळ नाटकात युद्धाची कत्तल चालू असताना सूत्रधार आणि दोन नर्तकी टोपी-छडी घेऊन, हसतमुखाने, जुन्या व्हॉडव्हिलच्या पद्धतीचे हलकेफुलके नृत्य करतात. १९६९ च्या हत्याकांडाची आठवण देणारे नाव आणि ते गोड हास्य यांची सांगड व्हिएतनामच्या काळातील प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नसेल. प्रस्तुत प्रयोगात त्याच्या जोडीला 'ग्लोरी' आहे, म्हणून युद्धाचा उल्लेख पुसला गेलेला नाही; परंतु ज्या तरुणाला भुलवण्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो पिपिन येथे नाही. भुलवले जाणारे पात्रच नाही म्हटल्यावर भुलवणे हे निव्वळ कौशल्य ठरते.

माध्यमांतराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. 'माइन हेर' हे गीत मुळात 'कॅबरे' (१९७२) या चित्रपटाचे. फॉसीने तेथे संकलनालाच नृत्यरचनेचा भाग केले: खुर्चीवरील पाय, धुरकट प्रकाश, बर्लिनच्या त्या क्लबातील प्रेक्षकांचे चेहरे. १९३१ च्या त्या चेहऱ्यांकडे पाहतच आपण नृत्य पाहतो, आणि अखेरीस त्याच प्रेक्षागृहात नाझी गणवेश दिसतात. पडद्यासाठी रचलेले हे नृत्य येथे प्रथम मंचावर आले आणि मंचावरून पुन्हा पडद्यावर गेले. या दुहेरी प्रवासात पाय आणि खुर्ची टिकली, पाहणारे चेहरे गेले. डायमंड अनाडी नव्हे; नर्तक पॉल टेलरवरील त्याचा 'डान्समेकर' (१९९८) हा माहितीपट जाणकारीचा आहे. पण येथे त्याचा कॅमेरा नम्र साक्षीदार आहे. 'लायझा विथ अ झी' (१९७२) मध्ये फॉसीने स्वतः एक रंगमंचीय कार्यक्रम चित्रित केला होता, आणि तेथील कॅमेरा साक्षीदार नव्हता, सहनर्तक होता.

मग या चित्रणात मोलाचे काय आहे? मुळातच कथेविना रचलेल्या 'डान्सिन' (१९७८) या प्रयोगातील नृत्ये, विशेषतः 'सिंग, सिंग, सिंग', येथे पूर्ण ताकदीने उभी राहतात. त्यांना गमावण्याजोगा प्रसंगच नव्हता. आतल्या बाजूस वळलेली पावले, पुढे झुकलेले खांदे, मनगटाची एकाकी हालचाल, टोपीची कड आणि हातमोजे यांची वर्णमालाच आपल्यापुढे मांडली जाते. अभ्यासकाला तिचा उपयोग आहेच.

परंतु वर्णमालेवर एकाच नावाची मोहोर उमटवताना वंशावळ झाकली गेली आहे. अवयवांची ही सुटी हालचाल फॉसीआधी जॅक कोल याच्याकडे दिसते, आणि ला मेरीकडून भरतनाट्यम शिकलेल्या कोलने १९३० च्या दशकातच त्या हालचाली स्विंग संगीतावर बसवल्या होत्या. व्हर्डन ही त्याची दीर्घकाळची सहायक. १९५४ च्या 'द पजामा गेम'मध्ये फॉसीचे 'स्टीम हीट' नाचणाऱ्या तिघांपैकी कॅरल हेनी आणि बझ मिलर हे दोघे कोलच्याच तालमीतले. भारतीय वाचकाने एवढ्यावरून श्रेयाचा दावा सांगू नये. कोलच्या हाती त्या मुद्रांचेही संदर्भ सुटलेच होते. मात्र प्रसंगापासून तोडलेली हालचाल 'शैली' म्हणून फिरू लागते, ही प्रक्रिया 'फॉसी'पासून सुरू झालेली नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. १९९६ च्या 'शिकागो'च्या पुनरुज्जीवनात राइंकिंगची नृत्यरचना 'बॉब फॉसीच्या शैलीत' अशी अधिकृतपणे नोंदवली गेली, तेव्हा त्या प्रक्रियेला श्रेयनामावलीत जागा मिळाली.

चित्रणात प्रमुख कलावंत म्हणून स्वतः राइंकिंग आणि 'पिपिन'चा मूळ सूत्रधार बेन व्हेरीन आहेत. दोघेही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. तरुण नर्तकसमूहाची अचूकता त्यांच्यापाशी नाही. हालचाल कुणासाठी होती याची आठवण मात्र आहे, आणि या चित्रणात हरवलेला प्रसंग कुठे परत येत असेल तर तो या दोन देहांत. हीच दोघे 'ऑल दॅट जॅझ'मध्येही (१९७९) होती. त्या चित्रपटात फॉसीने आपल्याशी मिळत्याजुळत्या नृत्यदिग्दर्शकाच्या मृत्यूचाच रंगमंचीय कार्यक्रम करून दाखवला: राइंकिंग त्याच्या प्रेयसीच्या भूमिकेत, आणि व्हेरीन त्या अखेरच्या कार्यक्रमाचा निवेदक. मरणाऱ्या माणसाची टवाळखोर, टाळ्या वसूल करणारी ओळख या निवेदकाच्या तोंडी आहे. गाणे संपते, टाळ्या विरतात, आणि अखेरीस शव ठेवलेल्या पिशवीची चेन ओढली जाते.