शब्दवेधी नेम आणि शिकाऱ्याची परीक्षा

हरणाच्या शिकारीस निघणाऱ्या मनुष्याजवळ बंदुकीचा परवाना असला म्हणजे पुरे, कीं त्यानें या विद्येची रीतसर परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळविलेलें असावें? युरोपांत या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें प्रचारांत आहेत. जर्मनींत शिकारीचा परवाना हातीं पडण्यापूर्वीं प्रत्येकास कायद्यानें परीक्षा द्यावी लागते. प्राण्यांची ओळख, शस्त्रांचें ज्ञान, शिकारीचा कायदा, मांसाची स्वच्छता आणि प्रत्यक्ष नेमबाजी हे सारे विषय तींत येतात. इंग्लंडांत बंदुकीसाठीं पोलिसांचा दाखला लागतो, आणि कोणतें हरीण कोणत्या महिन्यांत मारूं नये हें १९९१ च्या कायद्यानें ठरलेलें आहे. परंतु हरणांच्या शिकारीचें म्हणून जें दोन पायऱ्यांचें प्रमाणपत्र तेथें आहे, तें घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या खुशीवर आहे. साहजिकच तेथील शिकाऱ्यांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ज्याच्या हातून चुकलेली गोळी कोसभर जाईल त्याची परीक्षा झालीच पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्यानें जन्म रानांत काढला त्याला कागदाचा तुकडा काय शिकविणार?

आपल्याकडील वाचकास हा वाद परका वाटेल. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हां त्यांत शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीही गेली. काळवीट आणि चिंकारा हे प्राणी पहिल्या अनुसूचींत आहेत, आणि त्यांना मारणाऱ्यास तुरुंगाची वाट धरावी लागते. जेथें शिकारच नाहीं, तेथें शिकाऱ्याची परीक्षा कसली, असें कोणीही विचारील. पण हा प्रश्न आपल्या वाङ्मयानें फार पूर्वीं विचारलेला आहे, इतकेंच नव्हे तर त्याचें उत्तरही दिलेलें आहे. आणि बीडसारख्या जिल्ह्यांत त्या उत्तराची गरज आज अगदीं निकडीची आहे. प्रथम वाङ्मयाची साक्ष काढूं.

मृगयेची तरफदारी करणारा जुना पक्ष कांहीं दुबळा नव्हता. मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्य हीं राजाचीं चार व्यसनें कौटिल्यानें गणलीं खरीं. पण त्यांतल्या त्यांत मृगयेचे गुण सांगण्यास तो विसरला नाहीं. व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या व रागावलेल्या प्राण्यांचें चित्त कळतें, असा त्याचा अभिप्राय आहे. नीट पाहिल्यास ही एक अभ्यासक्रमाची यादीच आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकांत सेनापति जवळजवळ हीच यादी दुष्यंतापुढें म्हणून दाखवितो. तेथें कालिदासानें केलेली एक योजना फार मार्मिक आहे. हें स्तोत्र म्हणण्याआधीं सेनापति विदूषकास हळूच सांगून ठेवतो कीं, तूं आपला विरोध घट्ट धर, मी आपला स्वामींच्या मनासारखें बोलतों. म्हणजे मृगयेची सर्वांत सुंदर स्तुति कवीनें ज्याच्या तोंडीं घातली, त्याचाच तिच्यावर विश्वास नाहीं! युक्तिवाद खोडून न काढतां केवळ बोलणाऱ्याच्या निवडीनें तो पोकळ ठरविणें ही नाटककाराची टीका आहे, आणि ती पुष्कळ टीकाकारांच्या टीकेहून भेदक आहे.

‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गांत हाच विचार पूर्णत्वास गेला आहे. सर्ग मुख्यतः वसंतवर्णनासाठीं वाचला जातो. शब्दचमत्कृतीच्या मोहांत त्याचा नैतिक सांगाडा वाचकाच्या नजरेंतून निसटतो. तो सांगाडा असा आहे. दशरथ मृगयेस निघतो तो मनाला येईल तसा नव्हे, तर मंत्र्यांची संमति घेऊन. आणि ती संमति चल लक्ष्यावरील नेम, प्राण्यांच्या भय-क्रोधाची पारख व श्रम सोसण्याची संवय याच गुणांसाठीं दिलेली आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर राजाजवळ प्रमाणपत्र आहे. रानांत गेल्यावर तो त्यास पात्रही ठरतो. एका काळविटावर त्यानें बाण जोडला असतां त्याची सहचरी आड येऊन उभी राहते, आणि कानापर्यंत ओढलेला बाण राजा दयेनें परत घेतो. घोड्याजवळून उडालेल्या मोरावरही तो नेम धरीत नाहीं. त्या पिसाऱ्यानें त्याला प्रियेच्या केशकलापाची आठवण होते. येथवर वाचणाऱ्यास वाटतें कीं, असा शिकारी शिकार करो बापडा. याच्या हातून अनर्थ व्हावयाचा नाहीं.

आणि त्याच सर्गाच्या अखेरीस अनर्थ होतो. तमसेच्या तीरावर कलश भरण्याचा आवाज येतो. राजाला तो हत्तीचा वाटतो. शब्दवेधी बाण सुटतो आणि आंधळ्या मातापित्यांसाठीं पाणी भरणारा मुलगा कोसळतो. आपल्या आयाबायांच्या तोंडचा श्रावणबाळ तो हाच. येथें कालिदासानें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे, आणि तिच्याकडे फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. तो म्हणतो कीं, हत्तीचा वध राजाला निषिद्धच होता. तरी तो उल्लंघून दशरथानें तसें केलें, कारण रजोगुणानें दृष्टि झांकली म्हणजे शास्त्र शिकलेलीं माणसेंही आडवाटेला पाऊल टाकतात. म्हणजे आवाज खरोखरच हत्तीचा असता, तरीसुद्धां तो बाण गुन्ह्याचाच ठरला असता. ‘चुकून झालें’ ही सबब कवीनें राजाला मिळूं दिली नाहीं.

या प्रसंगांत नेमाची चूक मुळींच नाहीं. नेम अचूक होता, हेंच तर दुःख! चुका तीन झाल्या. डोळ्यांनीं न पाहतां बाण सोडला; जो प्राणी समजून सोडला तो मारण्याची मुभा नव्हती; आणि पाणवठ्यावर माणूस असूं शकतो हें मनांत आणलें नाहीं. वाल्मीकीनें हा वृत्तांत मरणोन्मुख दशरथाच्याच तोंडीं घालून त्यांत आणखी एक बोचरी गोष्ट सांगितली आहे: तरुणपणीं ‘हा कुमार शब्दवेधी आहे’ अशी आपली ख्याति झाली होती. त्या ख्यातीनेंच तो बाण सोडविला. ज्याला न पाहतां मारतां येतें, त्याला पाहण्याची गरज वाटत नाहींशी होते. केवळ कौशल्याचें प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही परीक्षेंत हा धोका राहतोच.

महाभारतांतील दोन कथा या जोडीला ठेवल्या म्हणजे विचार पुरा होतो. मृगरूपानें रममाण झालेल्या किंदम ऋषीला पंडु मारतो. मरणारा ऋषि राजाला मृग मारल्याबद्दल दोष देत नाहीं. तो म्हणतो, तूं थांबावयास हवें होतेंस. पश्चिमेकडील कायद्यांत जो बंदीचा काळ असतो, विणीच्या दिवसांत मारूं नये असा जो नियम असतो, त्यांतील तत्त्व या शापांत आलें आहे. दुसरी कथा मौसल पर्वांतील. जरा नांवाचा व्याध झाडींत पहुडलेल्या श्रीकृष्णाला मृग समजतो आणि त्याच्या तळपायावर बाण मारतो. जरा हा धंदेवाईक शिकारी. त्याचा जन्म रानांत गेलेला. दशरथ हा गुरुजनांजवळ शिकलेला. एकाजवळ अनुभव, दुसऱ्याजवळ शिक्षण. आणि दोघांची चूक एकच. इंग्लंडांतील दोन्ही पक्षांना आपल्या कवींनीं एकाच वेळीं निरुत्तर केलें आहे. अनुभव पुरत नाहीं आणि शिक्षणही पुरत नाहीं. समोर कोण आहे हें ओळखल्यावांचून हात आवरण्याची शिस्त लागते, आणि परीक्षा घ्यावयाची ती या शिस्तीची.

आतां बीडकडे वळूं. बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या पायथ्याच्या माळांवर ज्वारी, तूर, हरभरा काढणाऱ्या या जिल्ह्यांत काळविटांचे कळप शेतांत उतरतात. पाटोदे तालुक्यांत नायगांवचें मयूर अभयारण्य १९९४ सालीं झालें. दशरथानें ज्याच्यावर बाण टाकला नाहीं त्या मोराला तेथें सरकारी अभय आहे. पण कळपाला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते, आणि एका रात्रींत कोवळा हरभरा खुडला गेलेल्या शेतकऱ्यास काव्यांतील हरिणीचे डोळे आठवावेत अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें आहे. त्याच्या नुकसानीची भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाली पाहिजे, हें आधीं मान्य केल्याखेरीज हरणाची बाजू घेण्याचा अधिकार आपणां नोकरदार मंडळींस नाहीं.

कायद्यानें येथें भेद केला आहे. पहिल्या अनुसूचींतील प्राणी केवळ पीक खातो म्हणून मारतां येत नाहीं. म्हणून काळवीट सुटतें. दुसऱ्या अनुसूचींतील प्राणी, उदाहरणार्थ रोही व रानडुक्कर, उभ्या पिकास घातक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें नेमलेला अधिकारी लेखी हुकुमानें मारण्याची परवानगी देऊं शकतो. ही परवानगी कोणास? कायद्याचा शब्द आहे, ‘कोणत्याही व्यक्तीस’. त्या व्यक्तीनें प्राणी ओळखण्याची कसली परीक्षा दिलेली असावी, याविषयीं कलम मुकें आहे. २०१६ च्या शस्त्रनियमांनीं बंदुकीच्या परवान्यासाठीं शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तें शस्त्राचें शिक्षण झालें, लक्ष्याचें नव्हे. दशरथालाही शस्त्र हाताळतां येत होतेंच.

उजेड सरल्यावर तुरीच्या ओळींत हललेली पिवळट आकृति रोह्याच्या पाडसाची कीं काळविटाच्या मादीची? दोघींनाही शिंगें नसतात. एक मारल्यास परवानगी, दुसरी मारल्यास तुरुंग. आणि निर्णय घ्यावयाचा तो बॅटरीच्या झोतांत चमकलेल्या दोन डोळ्यांवरून. याहून भयंकर गोष्ट पुढेंच आहे. शेतीपंपांना वीज अनेक ठिकाणीं अजूनही रात्रींच्या पाळींत मिळते. म्हणून शेतकरी मध्यरात्रीं पाण्याचे दार धरावयास जातो. दसऱ्या-दिवाळीनंतर या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. मागें गांवांत म्हातारीं माणसें राहतात आणि गोफण घेऊन माळ्यावर राखण करतात. अंधार, पाण्याचा आवाज आणि पाणी धरणारा माणूस: तमसेच्या तीरावरील सारें साहित्य येथें रोज रात्रीं मांडलेलें असतें. शब्दवेधी शिकाऱ्याची मात्र आपण अजून परीक्षा घेतलेली नाहीं.

परीक्षा घ्यावी या मतावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. परीक्षा आणि परवाने यांचा इतिहास आपल्या देशांत स्वच्छ नाहीं. १८७८ च्या शस्त्रकायद्याखालीं ब्रिटिश मुलखांत बंदुकीचा परवाना प्रतिष्ठेवर मिळे, रानाच्या ज्ञानावर नव्हे. आणि ज्याला हरणाची वाट, वेळ व संवय पाठ, त्या फासेपारध्याच्या जमातीवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतला शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाहीं. उद्यां परीक्षा निघाली तर ती पुन्हां शहरी, पैसेवाल्या, छापील उत्तरें पाठ करणाऱ्या हौशी लोकांची मिरासदारी होईल, ही भीति रास्त आहे. पण तिच्यावरील उपाय परीक्षा टाळणें हा नव्हे. परीक्षक बदलणें हा आहे. ठशावरून नर-मादी सांगणाऱ्या, झुडुपामागची हालचाल वाऱ्याची कीं जनावराची हें जाणणाऱ्या पारधी वृद्धास वनखात्यानें परीक्षकाच्या खुर्चीवर बसवावें. त्याच्या ज्ञानाचा तो मानही होईल, आणि परीक्षार्थ्यास कागदावर न मिळणारें शिक्षणही मिळेल.

शिकारीचा हक्क प्रमाणपत्रानें उत्पन्न होतो असें कोणी समजूं नये. काळवीट मारण्याची मुभा जगांतील कोणत्याही परीक्षेनें आपल्या देशांत मिळूं नये, असेंच माझें मत आहे. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, जेथें सरकार स्वतःच्या सहीनें गोळी झाडण्याची परवानगी देतें, तेथें ‘कोणत्याही व्यक्तीस’ हे शब्द पुरेसे नाहींत. त्या व्यक्तीला नेमाबद्दल शेवटीं विचारावें. आधीं विचारावें कीं, समोर काय आहे तें तुला दिसलें काय, तें मारण्याची तुला मुभा आहे काय, आणि त्याच्या पलीकडे कोण उभें आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येत नाहींत, त्याचा नेम जितका चांगला तितका तो अधिक धोक्याचा.