इंग्रजी शब्दसंपत्ती आणि स्मरणयुक्त्या : ‘सूचक शब्द’ पद्धतीचे परीक्षण

प्रास्ताविक
महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. शब्द लक्षात कसे राहतील, हा शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न आहे. रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये स्मरणयुक्त्यांचे चार गट सांगितले : मनात दुवे जोडणे, प्रतिमा व ध्वनी वापरणे, पद्धतशीर उजळणी आणि कृती. येथे दुसऱ्या गटातील ‘सूचक शब्द’ पद्धतीचा विचार करू.

पद्धत
नव्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा मातृभाषेतील शब्द घ्यायचा आणि दोहोंना जोडणारे चित्र मनात उभे करायचे. उदा., ‘कॅन्डिड’ म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा. त्यासाठी सूचक शब्द ‘कंदील’ : कंदील हाती घेऊन कोणी मनातले सारे उजेडात आणतो आहे.

पुरावा
रिचर्ड ॲटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. ही पद्धत वापरणाऱ्यांचे ७२ टक्के शब्द बरोबर आले, इतरांचे ४६ टक्के. सहा आठवड्यांनी हेच प्रमाण ४३ आणि २८ टक्क्यांवर आले.

परीक्षण
फायदा खरा आहे. पण २६ गुणांचे अंतर १५ वर आले. म्हणजे ही युक्ती शब्द मनात शिरवते, विस्मरण थांबवत नाही. दुसरे, चाचणीत रशियन शब्दाचा इंग्रजी अर्थ विचारला होता. बोलताना व लिहिताना मात्र उलट वाट चालावी लागते : अर्थ मनात असतो, शब्द सापडत नाही. तिसरे, कंदिलावरून ‘कॅन्डिड’चे स्पेलिंग येत नाही, उच्चारही ‘कंदीड’ होण्याचा धोका असतो. नकळत टिपलेल्या छायाचित्रालाही ‘कॅन्डिड’ म्हणतात, हे तर त्या चित्रात कुठेच नाही. विद्यार्थी अर्थ सांगून गुण मिळवतो, पण वाक्य करता येत नाही. दोष युक्तीचा कमी, तेवढ्यावर थांबणाऱ्या अध्यापनाचा अधिक.

निष्कर्ष
सूचक शब्द ही पहिली पायरी मानावी. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, वही मिटून, मराठी अर्थावरून इंग्रजी शब्द विचारावा; मग विद्यार्थ्याकडून स्वतःचे वाक्य घ्यावे. वाक्य सहज आले की कंदील विझला तरी चालेल.

स्वाध्याय
आपल्या वर्गातील शब्दचाचणी अर्थ ओळखणे तपासते की शब्द वापरणे? एका प्रश्नाच्या आधारे लिहा.