प्रयोग करणारे निघून गेल्यावर

एखादी नवी पद्धत आधी थोड्या जागी करून पाहायची, जिथे केली नाही तिथल्याशी ताडून पाहायची आणि मगच निर्णय घ्यायचा, ही रीत आपल्या कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत अजून रुळलेली नाही. तरी तिचे मोठे प्रयोग महाराष्ट्रात झाले आहेत, आणि त्यांतला एक ठाणे जिल्ह्यातल्या आसनगावपासून फार लांब नाही.

तो 2008 साली तारापूरला झाला; तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला. तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव इथल्या कौटुंबिक मालकीच्या 17 कापड कंपन्यांमध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी प्रयोग मांडला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापनाचा सल्ला मोफत दिला. उरलेल्यांची एक महिना फक्त पाहणी केली. कापडातल्या दोषांची नोंद तिथे आधीही होत होती, पण गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवायला. कोणत्या मागावर कोणता दोष वारंवार येतो, हे त्या नोंदीतून कुणी काढत नसे. सुटे भाग नावाच्या चिठ्ठीविना पडलेले, गोदामात सूत साठलेले. दोषांवर रोज बैठक, माग बंद पडण्याआधी देखभाल, साठ्याचा हिशेब अशा 38 पद्धतींवर काम झाले आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आधी का केले नाही? काहींना या पद्धती ठाऊकच नव्हत्या, आणि ठाऊक होत्या त्यांना त्या आपल्या उपयोगाच्या वाटत नव्हत्या. शिवाय कारभार घराबाहेरच्या माणसावर सोपवायचा नाही, त्यामुळे घरात पुरुष किती यावर धंद्याचा विस्तार ठरे. मला या अभ्यासात 17 टक्क्यांपेक्षा हीच गोष्ट मोलाची वाटते. नऊ वर्षांनी तेच संशोधक परत गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले होते, मालकांना वेळ नव्हता. तरी सल्ला मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते.

मुंबईत वडाळ्याला झालेला रेल्वेचा प्रयोग याहून जास्त गाजला. 2009 च्या अखेरीस मुंबईच्या फायनलमाईल या संस्थेने मध्य रेल्वेसाठी रूळ ओलांडणाऱ्यांच्या मनाचा विचार केला. गाडीचा वेग डोळ्याला कळावा म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले, लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न सुचवले, गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याची छायाचित्रे लावली. मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे सांगितले गेले. कल्पना सुंदर होती, पण एका जागेच्या काही महिन्यांच्या आकड्यांवर एवढा भार टाकता येत नाही. आसनगावच्या कल्याण-कसारा मार्गावर लोकल चुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावे लागते. इथे रूळ ओलांडणारा वेगाचा अंदाज चुकल्यानेच ओलांडतो असे नाही. त्याला वेळ वाचवायचा असतो. त्याला पिवळ्या रंगाआधी जवळचा पूल हवा. मनाचे शास्त्र सोयींऐवजी वापरले जाऊ लागले, तर तो अन्यायच आहे.

गडचिरोलीत मात्र प्रयोग करणारे तिथेच राहिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि 47 गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. 2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात काळजीचे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांवर सोपवले. माझ्या मते आपल्याकडचा या रीतीचा सर्वांत भक्कम नमुना हाच.

मुरबाडच्या एमआयडीसीत आणि आसनगावच्या कारखान्यांत हे करायला परदेशी विद्यापीठ लागत नाही. दोन विभागांपैकी एकात दोषांची रोज चर्चा सुरू करा, दुसऱ्यात तीन महिने जुनीच रीत ठेवा आणि दोन्हींचे आकडे कामगारांना दिसतील असे भिंतीवर लावा. ज्याच्याकडे या आकड्यांची नोंदवही द्याल, त्याला मधेच दुसऱ्या कामावर हलवू नका.